जुन्या रोड बाइकला गिअरच्या केबल घालताना

माझ्या पहिल्या जुन्या सायकलीचा मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) मी दोनदा उघडून धुतला आणि एकदा चक्क बदलला. चेन मोठ्या चकतीवर चढायची, पण लहानवर उतरायला तयार नसायची. दोष सापडला तो शेवटी चेनस्टेकडून (पेडलपासून मागच्या चाकापर्यंत जाणारी फ्रेमची नळी) डिरेलरकडे वळणाऱ्या वीतभर आउटरमध्ये, म्हणजे केबलच्या बाहेरच्या आवरणात. वरून काळाभोर, चकचकीत. आतून गंजाचा भुगा.

तेव्हा एक गोष्ट कळली. लिव्हर ओढताना जोर आपल्या हाताचा असतो. केबल कितीही घासत असली तरी हात तिला खेचून नेतो, त्यामुळे दोष जाणवत नाही. परतीचं काम मात्र डिरेलरमधल्या एकट्या स्प्रिंगचं. ती हातापेक्षा किती तरी दुबळी. म्हणून केबल घालताना ‘ओढली जाते का’ यापेक्षा ‘सुटते का’ हे बघायचं. खालच्या सगळ्या खटाटोपाचं कारण हेच आहे.

हा लेख मुख्यतः डाउनट्यूबवर (हँडलकडून पेडलकडे उतरणारी फ्रेमची नळी) लिव्हर असलेल्या सायकलींसाठी आहे, कारण जुन्या रोड बाइक बहुतेक तशाच असतात. लिव्हर स्टेमवर (हँडल धरणारा भाग) किंवा हँडलच्या टोकाला असतील तर वरच्या भागात आउटरचे तुकडे जास्त लागतील. डाउनट्यूबच्या खालचं काम तेच.

१. सोडवण्याआधी फोटो आणि माप

जुन्या केबल कितीही किडक्या असल्या तरी त्या म्हणजे तयार नकाशा आहे. काढण्याआधी हे फोटो घ्या:

- दोन्ही लिव्हर, बाजूने आणि वरून
- बॉटम ब्रॅकेटजवळ (पेडलचा आस बसतो तिथे) केबल वरून जाते की खालून
- चेनस्टेवरचा आउटरचा थांबा, म्हणजे आउटरचं टोक जिथे टेकतं ती जागा
- दोन्ही डिरेलरवर केबल बोल्टच्या कोणत्या बाजूने दाबली आहे

शेवटचा फोटो लोक विसरतात आणि नंतर पस्तावतात. जुन्या आउटरची लांबी मोजून लिहून ठेवा, तुकडाही जपून ठेवा. आधीच्या मालकाने चुकीचं माप घातलेलं असू शकतं, तरी सुरुवातीला हाताशी काहीतरी असलेलं बरं.

लिव्हर खोलणार असाल तर वॉशर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवा. त्यातले काही पितळी, काही प्लॅस्टिकचे, काही एका बाजूने चपटे असतात आणि क्रम चुकला की लिव्हर एक तर जाम होतो, नाही तर सटकतो. एका डब्यात टाकून ‘लक्षात राहील’ म्हणालात तर राहत नाही. अनुभव आहे.

मुंडी, म्हणजे केबलच्या टोकाची धातूची गोळी, लिव्हरमध्ये अडकून बसली असेल तर पक्कडीने ओढू नका. गंज सोडवणाऱ्या तेलाचे दोन थेंब, रात्रभर विश्रांती, मग केबल उलट दिशेने ढकला. मुंडी ज्या बाजूने आत गेली त्याच बाजूने बाहेर येते.

२. काय काय लागेल

- गिअरच्या दोन इनर केबल (आउटरच्या आतून सरकणारी तार), १.२ किंवा १.१ मिलिमीटर जाडीच्या, शक्यतो स्टेनलेस. २ मीटर लांबी भरपूर होते.
- गिअरचा आउटर, साधारण ४ मिलिमीटरचा. डाउनट्यूब लिव्हरला हातभर पुरतो.
- आउटरच्या कॅप आणि इनरच्या टोकाच्या कॅप, दोन-चार जास्तीच्या.
- केबल कापायचा चांगला कटर
- बारीक कानस आणि टोच्या किंवा जाड सुई
- ॲलन की, ८ आणि ९ नंबरचे पाने, लहान स्क्रू ड्रायव्हर
- थोडं ग्रीस, जुनं फडकं
- मागचं चाक हवेत राहील अशी सोय. स्टँड नसेल तर सीट आणि हँडल दोरीने टांगा.

सगळ्यात जास्त गोंधळ खरेदीत होतो. ब्रेकची इनर १.५ ते १.६ मिलिमीटर जाड असते आणि तिची मुंडी मोठी. ती गिअरच्या लिव्हरमध्ये बसत नाही, हे निदान लगेच कळतं. आउटरचं तसं नाही. ब्रेकच्या आउटरमध्ये चपटी तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. आताच्या गिअर आउटरमध्ये बारीक तारा लांबीच्या दिशेने सरळ धावतात, त्यामुळे तो दाबाखाली आखडत नाही. कापलेल्या टोकाकडे नीट पाहिलं की फरक दिसतो: तारांचे ठिपके असतील तर गिअरचा.

गिअरचा आउटर ब्रेकला कधीही लावू नका. ब्रेक जोरात दाबल्यावर त्या सरळ तारा फाकून आउटर फुटू शकतो, आणि ब्रेक तेव्हाच जातो जेव्हा त्याची सर्वात जास्त गरज असते. उलट चूक, म्हणजे ब्रेकचा आउटर गिअरला, जिवावर बेतत नाही. जुन्या, टप्पे नसलेल्या (म्हणजे ओढताना ठरावीक जागी ‘टक्’ करून न थांबणाऱ्या) लिव्हरवर ते चालूनही जातं, कारण जुने गिअर आउटर असेच गुंडाळलेल्या तारेचे असायचे. टप्प्यांच्या लिव्हरवर मात्र गिअर कधी जुळणार नाहीत.

मुंडीबद्दल आणखी एक. काम्पान्योलो आणि शिमानो या सायकलीचे भाग बनवणाऱ्या कंपन्या. काम्पान्योलोच्या लिव्हरला लागणारी मुंडी शिमानोवाल्यापेक्षा किंचित लहान असते. शिमानोची मुंडी तिथे ठोकून बसवली तर बसेलही, पण पुढच्या वेळी निघणार नाही. काही केबलना दोन टोकांना दोन वेगळ्या मुंड्या असतात. एक कापून टाकायची असते. कुठली कापायची हे लिव्हरमध्ये दोन्ही घालून बघितल्यावरच ठरवा.

३. केबल घालण्याआधी डिरेलर नीट करा

हा टप्पा गाळला तर पुढचा सगळा वेळ वाया.

मागून उभं राहून बघा: डिरेलरची दोन्ही लहान चाकं आणि मागची चकती एका उभ्या रेषेत आहेत का? नसतील तर डिरेलर ज्याला लटकतो तो भाग वाकलेला आहे. जुन्या सायकली उजव्या बाजूला पडलेल्या असतात, आणि पहिला मार तोच खातो. पोलादी फ्रेम असेल तर तो सरळ करता येतो, पण ते हत्यार असलेल्या माणसाकडून करून घ्या.

मग मर्यादेचे दोन स्क्रू, म्हणजे डिरेलर दोन्ही बाजूंना किती सरकेल ते ठरवणारे. केबल नसताना डिरेलर आपोआप सर्वात लहान चकतीखाली येऊन थांबतो. तिथे पेडल फिरवा. चेन चकती आणि फ्रेमच्या मध्ये पडता कामा नये, खडखडही होता कामा नये. आता डाव्या हाताने डिरेलर आत ढकलत, उजव्याने पेडल फिरवत चेन सर्वात मोठ्या चकतीवर न्या. जोर लावूनही डिरेलर स्पोक्सकडे सरकत असेल तर दुसरा स्क्रू आवळा. काही जुन्या डिरेलरवर स्क्रूंजवळ कुठलंही अक्षर नसतं; एकेक फिरवून कोणता कुठे अडवतो ते बघा. मोठ्या चकतीच्या बाजूची मर्यादा ढिली राहिली तर चेन किंवा डिरेलर स्पोक्समध्ये अडकतो आणि चाक, डिरेलर, कधी कधी फ्रेमचा कोपराही घेऊन जातो.

आणि डिरेलर हाताने ढकलून सोडल्यावर चटकन परत येतो का, हे इथेच बघून घ्या. रेंगाळत असेल तर सांध्यांमध्ये जुनं ग्रीस गोठलंय; केबल बदलून ते सुटणार नाही.

४. आउटर कापणं

या लेखातला सर्वात महत्त्वाचा भाग कोणता, तर हा.

मागच्या तुकड्याची लांबी अशी ठरवा. आउटरचं एक टोक चेनस्टेच्या थांब्यात धरा आणि बाकीचा भाग त्याच्या मनाने वळू द्या. दुसरं टोक डिरेलरच्या मागून सरळ, मान न मोडता आत गेलं पाहिजे. बहुतेक सायकलींवर हे २५ ते ३० सेंटिमीटरच्या आसपास येतं, पण आकड्यापेक्षा वळण बघा. आखूड झाला तर आउटर थांब्याच्या तोंडाशी दुमडतो आणि इनर तिथे घासते. चाक काढताना डिरेलर मागे ओढला की ताण येतो तो वेगळाच. फार लांब ठेवला तर तो बाहेर फुगतो, बुटाला लागतो, आणि जितका लांब तितकं घर्षण. शंका असेल तर सुरुवातीला लांब कापा. कापलेला आउटर वाढत नाही.

साध्या पक्कडीने कापू नका. टोक चपटं होतं, आतली प्लॅस्टिकची नळी मिटते आणि तारा वेड्यावाकड्या बाहेर येतात. धारदार कटरने एका दमात कापा. मग कानशीने टोक सपाट करा, अगदी काटकोनात. टोक तिरकं राहिलं तर कॅपमध्ये ते हळूहळू बसत जातं आणि ‘केबल ताणली गेली’ असं वाटत राहतं. शेवटी टोच्या घालून आतल्या नळीचं तोंड गोल उघडा आणि भुसा फुंकून टाका. कापण्याआधी त्या जागी जुन्या इनरचा तुकडा आत सरकवून ठेवला तर नळी मिटतच नाही, मात्र मग तोही सोबत कापला जातो.

कॅप लावताना जुन्या फ्रेमची एक खोड लक्षात ठेवा. काही जुन्या थांब्यांचं भोक इतकं लहान असतं की आजची कॅप आत जात नाही. तिथे आउटर कॅपशिवायच बसवायचा. भोक ड्रिलने मोठं करायचा मोह होईल. नका करू, तो भाग फ्रेमला वितळवून जोडलेला आहे आणि बदलून मिळत नाही.

आतून प्लॅस्टिकची नळी असलेल्या आउटरला आणि स्टेनलेस इनरला ग्रीस लागत नाही. घातलं तर काही महिन्यांनी धूळ धरून त्याचा चिखल होतो. नळी नसलेला जुन्या पद्धतीचा आउटर हौसेने वापरत असाल, तर मात्र इनरला हलका ग्रीसचा हात द्या.

५. लिव्हरपासून खाली

उजवा लिव्हर मागच्या डिरेलरचा, डावा पुढच्याचा. दोन्ही लिव्हर पूर्ण पुढे ढकला, म्हणजे ते डाउनट्यूबला समांतर झोपतील. ही सुटलेली अवस्था. यात नसताना केबल बांधली तर चेन लहान चकतीवर कधीच पोचणार नाही.

इनर लिव्हरमधल्या, मुंडी बसायच्या भोकातून ओवा आणि लिव्हरच्या गोल भागावरच्या खाचेत बसवून खाली ओढा. मुंडी आपल्या घरात पूर्ण बुडाली पाहिजे. थोडी जरी वर राहिली तरी पहिल्या चढावर ‘टक्’ करून आत बसते आणि सगळी जुळणी सैल होते.

लिव्हर पट्ट्याने बसवलेले असतील तर पट्टा घट्ट आहे ना बघा. केबलचा ताण त्याला सतत खाली खेचत असतो. म्हणूनच बऱ्याच फ्रेमवर त्याच्या खाली एक छोटा उंचवटा असतो. पट्टा त्याला टेकवून आवळा.

पुढे बॉटम ब्रॅकेट. जुन्या सायकलींवर केबल बहुधा त्याच्या वरून, फ्रेमला जोडलेल्या किंवा पट्ट्याने बसवलेल्या मार्गदर्शक खाचांमधून जाते. नंतरच्या सायकलींवर ती खालून, प्लॅस्टिकच्या पट्टीतल्या खाचांतून जाते. खालची खाच चिखलाच्या थेट वाटेवर असते, म्हणून तिथे मात्र ग्रीसचा एक ठिपका द्या. पट्टीत केबलने खोल चर पाडला असेल तर पट्टी बदला. वस्तू क्षुल्लक आहे, पण तो चर इनरला करवतीसारखा धरून ठेवतो.

रंगकाम केलेल्यांसाठी: ताजा रंग या खाचांमध्ये आणि थांब्यांच्या भोकात साचलेला असतो. तो आधी खरवडून काढा. मी एकदा सुंदर निळ्या रंगाखाली बंद झालेल्या थांब्याशी अर्धा तास झटलो होतो आणि दोष आउटरला देत होतो.

६. मागचा डिरेलर बांधणं

चेन सर्वात लहान चकतीवर आहे याची खात्री करा. डिरेलरवर ताण जुळवायचा फिरता स्क्रू असेल तर तो पूर्ण आत फिरवून मग दोन फेरे बाहेर काढा. काही जुन्या डिरेलरवर हा स्क्रू नसतोच; टप्पे नसलेल्या लिव्हरला त्याची गरजही नसते.

इनर आउटरमधून ओवून डिरेलरच्या बोल्टपाशी आणा. बोल्टजवळ केबलसाठी कोरलेली खाच असते. केबल त्याच खाचेत, त्याच बाजूला बसली पाहिजे. दुसऱ्या बाजूने दाबली तर डिरेलरला खेचणारी दांडी लांब-आखूड होते आणि टप्प्यांच्या लिव्हरवर मधले गिअर जुळता जुळत नाहीत. पहिल्या टप्प्यातला फोटो इथे उपयोगी पडतो.

हाताने इनर ताठ धरा, पण डिरेलर हलेल इतकी ओढू नका. झोळ गेला की पुरे. बोल्ट आवळा, आजच्या भागांसाठी ५ ते ७ न्यूटन-मीटर. जुन्या नाजूक बोल्टवर जोर दाखवू नका, आटे गेले की तसा बोल्ट शोधत फिरावं लागतं.

आता डाउनट्यूबच्या मधोमध उघडी केबल हाताने धरून तीन-चार वेळा चांगली बाहेर ओढा. कॅप, आउटर, मुंडी सगळं आपापल्या जागी बसेल आणि केबलला झोळ येईल. बोल्ट सोडा, झोळ काढा, पुन्हा आवळा. नवी केबल काही दिवसांत सैल पडते ती मुख्यतः या बसण्यामुळे. पोलादी तार स्वतः फार ताणली जात नाही.

७. पुढचा डिरेलर

इथे फार काही नाही. आधी जागा: पिंजऱ्याची (चेन ज्यातून जाते त्या दोन पट्ट्यांची) बाहेरची पट्टी मोठ्या चकतीच्या दात्यांपासून १ ते ३ मिलिमीटर वर आणि चकतीला समांतर. मग चेन पुढे लहान आणि मागे सर्वात मोठ्या चकतीवर ठेवा, डावा लिव्हर पूर्ण पुढे, केबल ताठ, बोल्ट आवळा. काही जुन्या फ्रेमवर बॉटम ब्रॅकेटपासून पुढच्या डिरेलरपर्यंत आउटरचा एक आखूड तुकडा असतो. त्याच्या टोकांची काळजी मागच्यासारखीच घ्या.

केबल नसताना पुढचा डिरेलर मोठ्या चकतीकडे जाऊन थांबत असेल तर घाबरू नका. काही जुन्या डिरेलरची स्प्रिंग उलटी असते. अशा वेळी चेन मोठ्या चकतीवर ठेवून केबल बांधा.

८. लिव्हर कोणत्या जातीचा?

टप्पे नसलेला लिव्हर फक्त घर्षणावर जागच्या जागी थांबतो. त्यात जुळवायचं जवळपास काहीच नसतं. लिव्हरच्या बाजूचा स्क्रू किती आवळायचा एवढंच. सैल असेल तर चढावर जोर लावताच लिव्हर आपोआप पुढे सरकतो आणि चेन लहान चकतीवर उतरते, नेमकी नको तेव्हा. फार आवळला तर बोट दुखतं. या स्क्रूला मोठं गोल कडं असतं ते उगीच नाही. चालवता चालवता आवळता यावं म्हणून आहे. घर्षणाच्या वॉशरना तेल देऊ नका. ‘जरा गुळगुळीत होईल’ म्हणून एकदा दिलं आणि आठवडाभर लिव्हर हाताने धरून सायकल चालवली.

असा लिव्हर वापरताना मोठ्या चकतीवर चढवायचं तर थोडं जास्तच ओढून, चेन चढली की केसभर सोडायचं. कान खरखर शांत झाल्याचं सांगतात. पहिले दोन दिवस चिडचिड होते, नंतर हात स्वतःच शिकतो.

टप्प्यांचे लिव्हर शिमानोने १९८४ मध्ये ड्युरा-एस या आपल्या गिअरसंचावर आणले आणि मग सगळीकडे पसरले. त्यांना लिव्हर, डिरेलर आणि मागच्या चकत्या एकमेकांशी जुळणाऱ्या लागतात. जुळवताना लिव्हर एक टप्पा ओढा. चेन दुसऱ्या चकतीवर चढत नसेल तर डिरेलरचा फिरता स्क्रू अर्धा फेरा बाहेर. पुढे उडी मारत असेल किंवा परत उतरायला कुरकुरत असेल तर अर्धा फेरा आत. एका वेळी अर्धाच. बऱ्याच टप्प्यांच्या लिव्हरवर कडं फिरवून टप्पे बंद करता येतात. चकत्या वेगळ्याच असतील आणि काही केल्या जमत नसेल, तर टप्पे बंद करा आणि चालवा. त्यात कमीपणा नाही.

९. सुटण्याची परीक्षा

चाक हवेत, पेडल फिरतंय. सर्वात मोठ्या चकतीवरून लिव्हर एकेक चकती पुढे सोडत या. चेन लगेच उतरली पाहिजे. उशीर होत असेल तर ताणाच्या स्क्रूला हात लावण्याआधी हे करा: बोल्ट सोडा, केबल मोकळी करा आणि हाताने आउटरमधून मागे-पुढे सरकवा. बोटांना खरखर लागली तर दोष आउटरच्या टोकात किंवा वळणात. तिथे गुळगुळीत आणि बॉटम ब्रॅकेटपाशी अडत असेल तर दोष खाचेत. दोन्हीकडे ठीक असेल तर डिरेलरचे सांधे. शोध याच क्रमाने घ्या; मी उलट क्रमाने घेतला म्हणून एक चांगला डिरेलर उगीच बदलला.

१०. टोक

इनरचं जास्तीचं टोक शेवटीच कापा, चक्कर मारून आल्यावर. बोल्टपुढे ३ ते ४ सेंटिमीटर ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी पक्कडीला धरायला राहतं. लगेच कॅप लावून चिमटीत दाबा; उघडं टोक एकदा उसवलं की ती केबल पुन्हा कुठल्याही आउटरमधून ओवता येत नाही. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर झोळ पुन्हा बघा, थोडा निघेलच.

आणि कापलेल्या तारांचे तुकडे जमिनीवरून मोजून उचला. ते इतके बारीक असतात की दिसत नाहीत, आणि सायकल पहिल्यांदा बाहेर काढताना नेमके नव्या टायरमध्ये जातात.